जळगावच्या 'स्मरणशक्ती' क्लासला चार रविवार घातले, जायचं की नाही ते सांगतो

क्लासचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी पण लिहिल्यात आणि शिकवणारे सर माणूस म्हणून फार चांगले आहेत, उगाच त्यांना त्रास नको. जळगावातले असाल तर रिंग रोडकडे बॅनर बघितलाच असेल, मोठ्या लाल अक्षरात 'स्मरणशक्ती वाढवा, फक्त ४ रविवार', फी १५०० रुपये, आणि त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'मेंदू, गणित व न्यूरल नेटवर्क'. मी ती मुंगी वाचलीच नाही. डाळ मिलमध्ये हिशोब बघतो मी, बारीक अक्षर वाचायचाच पगार मिळतो, तरी वाचलं नाही आणि गुगल पे करून मोकळा झालो.

आता गेलो कशाला ते सांगतो. आमची माय गावाकडे असते, फैजपूरच्या अलीकडे, मोठ्या भाऊंकडे. गेल्या दीड-दोन वर्षांपासून विसरते. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नाही, गोळी घेतली की नाही आठवत नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी केळीच्या बागेत कोणत्या गड्याला किती मजुरी दिली ते रुपया-पैशासकट सांगते. डॉक्टरांचं चालू आहे, त्यात इथे जात नाही. पण मला वाटलं बॅनरवर लिहिलंय तर काही व्यायाम, काही युक्ती शिकवत असतील, तिला शिकवू. तर पहिली गोष्ट ऐकून ठेवा, इथे स्मरणशक्ती वाढत नाही. एक टक्का पण नाही. चार रविवारांनंतर मी गाडीची चावी अजून पण फ्रिजवर विसरतोय.

तरी मी चारही रविवार गेलो, आणि पैसे परत मागितले नाहीत. का, ते सांगायला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये पंचवीस-तीस जण. निम्मी पोरं स्पर्धा परीक्षावाली, दोन-तीन शिक्षक, भुसावळहून रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, आणि आमच्यासारखे घरात म्हातारं माणूस असणारे पाच-सहा. सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. आल्या आल्या विचारलं, आठवण कुठे ठेवलेली असते? कोणी म्हणालं कपाटात, कोणी गोडाऊन, एक पोरगं म्हणालं मेमरी कार्ड. मी अर्थातच म्हणालो खतावणी, प्रत्येक पार्टीचं एक पान. सर माझ्याकडे बघून म्हणाले, 'बरं, मग पान नंबर कोण सांगतं तुम्हाला?' मी गप्प. खतावणीत पान काढायचं तर पार्टीचं नाव माहीत लागतं, मग अनुक्रमणिका, मग पान. पण कुठे गल्लीत काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला थेट बामणोदच्या रस्त्यावरचं मळ्यातलं भरीत, तिथलं कडुनिंबाचं झाड, कोणत्या मामाने कळण्याची भाकरी जास्त खाल्ली, सगळं एकदम समोर येतं, आणि मी तर कुठलं पान काढायला सांगितलंच नव्हतं ना. एक तुकडा मिळाला की बाकीचं आपोआप. मेंदूत पत्त्यावर माल ठेवलेला नसतो, मालाचा एक तुकडा दाखवला की अख्खा माल येतो. सर म्हणाले, हे कसं होत असेल ते आकड्यांनी करून दाखवता येतं, चार रविवार तेवढ्यासाठीच आहेत. दोन जण तिथेच उठून गेले.

बाकी पहिला रविवार इतिहासात गेला. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स या दोघांनी चेतापेशीचं अगदी साधं गणित मांडलं, येणारे इशारे बेरजेत घ्या, बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर पेशी पेटते, नाहीतर गप्प. मग १९४९ मध्ये डोनाल्ड हेब म्हणाला की दोन पेशी वारंवार बरोबर पेटत असतील तर त्यांच्यातला जोड घट्ट होत जातो. आमच्या मिलमध्ये ट्रकचा हॉर्न वाजला की हमाल बिडी विझवून उठतात, कोणी सांगावं लागत नाही, तसं. तोवर हे फक्त म्हणणं होतं, १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत विजेचे झटके देऊन जोड खरंच मजबूत होतो आणि तासन् तास तसाच राहतो हे मोजून दाखवलं. इथे सर थोडे रटाळ झाले, पंखे दोनच, आणि बाहेर ऊन असं की पार्किंगमधल्या गाडीच्या सीटवर पापड भाजला असता.

दुसरा रविवार मात्र पैसे वसूल.

खुर्च्या पाच बाय पाच मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीला नंबर, डावीकडून पहिली १, शेवटची २५. आम्हीच न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी. उभं राहिलं म्हणजे पेटलेला, बसलं म्हणजे विझलेला. मला १३ नंबर, बरोबर मध्यभागी, दोन्ही पंख्यांपासून सगळ्यात लांब. प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स, त्यावर बाकी चोवीस खुर्च्यांचे नंबर आणि प्रत्येकासमोर एक आकडा, +२, ० किंवा −२. नियम एकच. चिठ्ठी काढून नंबर पुकारला की त्या माणसाने आजूबाजूला बघायचं, जो उभा आहे त्याच्यासमोरचा आकडा तसाच धरायचा, जो बसलेला आहे त्याच्या आकड्याचं चिन्ह उलटं करायचं, सगळ्याची बेरीज, बेरीज अधिक आली तर उभं राहा, उणे आली तर बसा. एका वेळी एकच माणूस. बोलायचं नाही.

माझ्या कागदावर ८, १२, १४, १८ समोर +२, म्हणजे माझ्या पुढचा, मागचा, डावीकडचा, उजवीकडचा. बाहेरच्या कडेला सोळा जण, त्यातले चारही कडांच्या मधले चार सोडून बाकी बारा जणांसमोर −२. उरलेल्या आठांना भोपळा. सुरुवातीला सरांनी चिठ्ठ्या देऊन कोणाला उभं, कोणाला बसवलं, मला बसवलं होतं. पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. १२ आणि १८ उभे, झाले चार. ८ आणि १४ बसलेले, चार गेले, शून्य. कडेच्या बारातले नऊ बसलेले, त्यांचं उलट होऊन अठरा मिळाले, तीन उभे, सहा गेले. उरले बारा. अधिक. मी उभा राहिलो. का उभा राहिलो मला माहीत नाही, कागद म्हणाला म्हणून. हिशोबाचं काम असून पण असं आंधळं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

असं करत करत एक फेरी झाली, कोणी उठलं, कोणी बसलं, बहुतेक जण होते तसेच राहिले. दुसऱ्या फेरीत कोणी हललंच नाही. एक पोरगा जिन्यावर चढून मोबाईलवर वरून फोटो काढत होता, सरांनी तो फोटो पडद्यावर लावला आणि सगळे एकदम 'अरे!' वरून बघितलं तर बेरजेचं चिन्ह. मधल्या उभ्या रांगेतले आणि मधल्या आडव्या रांगेतले जण उभे, बाकी जवळपास सगळे बसलेले. सुरुवातीला सरांनी मुद्दाम सहा जण चुकीचे ठेवले होते, त्यातला एक मी, आणि आम्ही सहाही जण कोणी न सांगता बरोबर जागेवर आलो. चित्र काय आहे हे हॉलमध्ये फक्त सरांना माहीत होतं!

कागद कसे बनवले ते मग सांगितलं. दोन चित्रं आधी ठरवलेली, एक बेरजेचं चिन्ह, एक चौकट. प्रत्येक दोन खुर्च्यांच्या जोडीसाठी बघायचं, चित्रात दोघं सारखे आहेत, म्हणजे दोघं उभे किंवा दोघं बसलेले, तर अधिक एक, वेगळे असतील तर उणे एक. दोन्ही चित्रांचं मिळवून +२, ० किंवा −२. हेबचाच नियम, झेरॉक्सवर. पंचवीस खुर्च्यांच्या जोड्या होतात ३००, आणि दोन्ही चित्रं त्याच तीनशे आकड्यांमध्ये एकावर एक बसवलेली. मला हे पचायला बस स्टँडपर्यंतचा रस्ता लागला. म्हणजे सगळ्या पार्ट्यांचं खातं एकाच पानावर, एकाच ओळीत, एकात एक मिसळून लिहिलंय आणि तरी प्रत्येकाची बाकी वेगळी निघते. माझ्या कागदावर चित्र नव्हतं, शेजारच्याच्या कागदावर नव्हतं, कुठल्याच एका कागदावर नव्हतं. ते आमच्या मधल्या आकड्यांत होतं. ऑडिटरला असं काही दाखवलं तर तो नोकरी सोडून जाईल.

आणि आता तक्रार, जी पुढे जाऊन तक्रार राहिलीच नाही. झेरॉक्स इतकी वाईट होती की काही कागदांवर उणे चिन्ह गायबच. सात नंबरवर रेल्वेवाले काका, त्यांच्या कागदावर चार ठिकाणी −२ होतं ते नुसतं २ दिसत होतं, त्यामुळे त्यांची बेरीज −१४ यायच्या ऐवजी +२ यायची आणि ते प्रत्येक वेळी शिस्तीत उभे राहायचे. फोटोत बेरजेच्या चिन्हाला एका कोपऱ्यात फोड आल्यासारखं दिसत होतं. पण बाकी चित्राला धक्का नाही! त्यात मध्येच तिघं भुसावळची गाडी पकडायची म्हणून निघून गेले, तीन खुर्च्या रिकाम्या, सरांनी पुन्हा खेळ लावला, तरी चित्र आलं, फक्त तीन भोकं पडली. सर खूश, म्हणे हे मी ठरवून केलं असतं तर तुम्ही म्हणाला असता नाटक आहे. कॉम्प्युटरच्या फायलीत मोक्याच्या जागचा एक आकडा बिघडला तर कधी कधी फाईलच उघडत नाही, इथे एक माणूस चुकतोय, तीन गायब आहेत आणि आठवण शाबूत. मेंदूत रोज काही ना काही बिघडत असणार, तरी आपण सकाळी उठून आपलं नाव विसरत नाही, ते का, याचा अंदाज मला त्या फुटक्या झेरॉक्सने दिला.

हे मॉडेल जॉन हॉपफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाचं, १९८२ चं. जपानमध्ये शुन-इची अमारी यांनी १९७२ मध्येच याच्या अगदी जवळचं गणित मांडलं होतं, पण गाजलं हॉपफील्डचं. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला आणि जेफ्री हिंटनला मिळालं, तेव्हा हॉपफील्डचं वय ९१. स्पर्धा परीक्षावाल्या एका पोराने विचारलं, सर हे तर कॉम्प्युटर, मग फिजिक्सचं नोबेल कसं, आणि सर खुलले. लोखंडाच्या तुकड्यात लाखो छोटे चुंबक, प्रत्येक जण वर नाहीतर खाली तोंड करून, शेजाऱ्यांचं बघून आपलं ठरवतो, आमच्या खुर्च्यांसारखं. त्या गणितात 'ऊर्जा' नावाचा एक आकडा निघतो आणि जोड दोन्ही बाजूंनी सारखा असेल, म्हणजे माझ्या कागदावर आठ नंबरसमोर जे, तेच आठ नंबरच्या कागदावर माझ्यासमोर, तर कोणी उठलं-बसलं की तो आकडा कमीच होतो, वाढत कधी नाही. मग कधीतरी तळाला लागून थांबणारच. पंचवीस जणांच्या उठण्या-बसण्याच्या एकूण तऱ्हा ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२, आणि आमचा हॉल एकाच फेरीत बरोबर ठिकाणी पोचला.

सरांनी फळ्यावर सातपुडा काढला. माथ्यावर पाऊस पडतो, थेंबाला काही माहीत नसतं, पण तो दक्षिणेच्या उतारावर पडला तर तापीला मिळणार आणि उत्तरेला पडला तर नर्मदेला. आठवण म्हणजे नदीचा तळ, आणि तिच्याभोवतीचा सगळा उतार म्हणजे त्या आठवणीचं पाणलोट. अर्धवट, चुकीची, पुसट काही का असेना, उताराच्या या बाजूला पडली की तापी. मग त्यांनी खेळाची सुरुवात चौकटीच्या जवळची केली आणि खरंच चौकट आली, कागद तेच. आपण कोणाला बघून 'याला कुठेतरी पाहिलंय' म्हणतो आणि नाव चुकीचं घेतो तेव्हा थेंब माथ्यावरच पडलेला असतो, असं माझं मत, सरांचं नाही. एक गंमत अजून, बेरजेच्या चिन्हाच्या बरोबर उलटं, म्हणजे उभ्यांना बसवून आणि बसलेल्यांना उभं करून सुरुवात केली तर ते पण जागचं हललं नाही. ते चित्र कोणी साठवलंच नव्हतं. गणितात फुकट मिळालं.

काका मध्येच म्हणाले एकेक कशाला, सगळे एकदम उठू-बसू ना, वेळ वाचेल. सर म्हणाले तसं केलं तर कधी कधी जाळं, म्हणजे आम्ही सगळे मिळून, दोन चित्रांच्या मधे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यासारखं इकडून तिकडे हेलकावे घेत बसतं, थांबतच नाही.

तिसऱ्या रविवारी कागद बदलले, आता पाच चित्रं एकदम कोंबली, त्यात अक्षरं पण, म, ग, असली एकमेकांसारखी दिसणारी. आणि झाला बट्ट्याबोळ. म पासून सुरुवात केली तरी थांबलो ते भलत्याच आकारावर, जो पाचातला एक पण नव्हता, म सारखा पण आणि ग सारखा पण. हॉपफील्डने १९८२ मध्येच सांगितलं होतं की न्यूरॉन जेवढे त्याच्या साधारण ०.१५ पट चित्रांपर्यंत आठवण धड राहते, पुढे १९८५ मध्ये अमित, गुटफ्रॉइंड आणि सोम्पोलिन्स्की या तिघांनी चुंबकांच्या गणितातून तो आकडा नेमका काढला, ०.१३८. पंचवीस खुर्च्यांना म्हणजे साडेतीनच्या आत. छोट्या जाळ्याला आणि सारख्या दिसणाऱ्या चित्रांना हा आडाखा जसाच्या तसा लागू पडत नाही हे सरांनी सांगितलं, पण आमचा हॉल तर डोळ्यांसमोर गोंधळला. आणि ओझं थोडं वाढलं तर थोडी चूक वाढेल असं नाही होत, एका हद्दीनंतर सगळंच कोसळतं, पाचवं चित्र टाकलं म्हणून फक्त पाचवं बिघडत नाही, पहिलं पण जातं.

या भलत्याच आकारांनी मला घरचं आठवलं. आक्काच्या लग्नात पाऊस आला, मांडव गळला, वडील नेहरू शर्टवर भिजत पंगती वाढत होते, हे मला लख्ख आठवतं, मी शपथेवर सांगेन. भाऊंना पण आठवतं. गेल्या दिवाळीत अल्बम काढला तर कोरडं ठाक ऊन, वडील कोटात. पाऊस पडला होता तो चुलत बहिणीच्या लग्नात. दोन लग्नं, एकच अंगण, तीच माणसं, त्याच भांड्यांतलं वरण, झाली एकात एक आणि मधे तिसरंच लग्न तयार झालं जे कधी लागलंच नाही. आमच्या खुर्च्यांना जे झालं तेच. आपण कोणाला 'खोटं बोलतोस' म्हणतो तेव्हा तो बिचारा कुठल्यातरी मधल्याच दरीत जाऊन बसलेला असू शकतो.

यावर एक उपाय पण आहे गणितात, विसरायला लावायचं. १९८३ मध्ये हॉपफील्ड आणि त्याच्या दोन साथीदारांनी दाखवलं की जाळं कुठूनही सोडायचं, ते जिथे थांबेल तिथला आकार जोडांमधून किंचित वजा करायचा, असं बऱ्याचदा केलं की भलते आकार कमी होतात आणि खऱ्या आठवणी सुधारतात. त्याच वर्षी त्याच 'नेचर' साप्ताहिकात फ्रान्सिस क्रिक, हो तोच डीएनएवाला, आणि ग्रेम मिचिसन यांनी म्हटलं की आपण स्वप्नं पाहतो ती कदाचित याचसाठी, रात्री झाडू मारायला. हे सिद्ध झालेलं नाही, पण वजाबाकीने आठवण सुधारते हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही पटेल, बुडीत खाती काढून टाकल्याशिवाय ताळेबंद दिसत नाही.

आता मायचं. तिसऱ्या रविवारी शेवटी सरांनी हेन्री मोलेसनची गोष्ट सांगितली. १९५३ मध्ये फिट्सवर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला आणि त्यानंतर नवीन आठवण तयार होणंच जवळपास बंद, २००८ मध्ये वारला तोपर्यंत. जुनं बरंचसं आठवायचं. आणि ब्रेंडा मिल्नरने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली तर तो दिवसागणिक सुधारत गेला, दर वेळी म्हणायचा मी हे पहिल्यांदाच करतोय. मी तिथेच थिजलो, कारण आमची माय अजून खापरावर मांडे टाकते. हातावर पीठ फिरवत फिरवत कोपरापर्यंत नेते, एक मांडा फाटत नाही, आणि ताट पुढे आलं की विचारते, 'हे कोणी केले व माय?' सर म्हणाले ही हाताची आठवण वेगळी, तिचा या खुर्च्यांशी संबंध जोडू नका.

जोडायचाच तर दुसरं जोडा, म्हणाले. थर असलेल्या, दुसऱ्या प्रकारच्या जाळ्यांना नवीन धडा पटकन शिकवला की ती जुना धडा पार पुसून टाकतात, हे १९८९ मध्ये मॅक्लोस्की आणि कोहेन यांनी दाखवलं होतं. मग मेंदू दोन्ही कसं सांभाळतो? १९९५ मध्ये मॅक्लेलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उत्तर सुचवलं की यंत्रणा दोन असाव्यात, हिप्पोकॅम्पस भराभर टिपून घेतो आणि मग हळूहळू, झोपेत पण, वरच्या मेंदूला परत परत ऐकवून जुन्यात मुरवतो. मी हात वर करून म्हणालो, सर हे तर रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभर घाईत रोजकीर्दीत लिहायचं, संध्याकाळी शांतपणे खतावणीत उतरवायचं. सर दोन सेकंद बघत राहिले आणि म्हणाले, पुढच्या बॅचला हे मी माझं म्हणून सांगणार. सांगा बावा, माझं काही रजिस्टर नाही. हॉलच्या बाहेर त्यांना मायचं विचारलं तेव्हा मात्र सरळ म्हणाले, हे मॉडेल आहे, तुमच्या आईंचा रिपोर्ट नाही, डॉक्टर सोडू नका. हे आवडलं. दुसरा कोणी असता तर आणखी एक कोर्स विकला असता.

मॉडेलचे दोष पण त्यांनी स्वतःच सांगितले, तेही आवडलं. खऱ्या मेंदूत जोड दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, एक पेशी साधारणपणे एकतर भडकवते नाहीतर दाबते, आमच्या कागदांसारखं एकाला अधिक आणि दुसऱ्याला उणे असं तिचं नसतं, आणि एका वेळी फार थोड्या पेशी पेटलेल्या असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी न्यूरॉन, आणि आम्ही पंचवीस, त्यात सात नंबर काका.

चौथा रविवार सोडून द्या. एआय, चॅटजीपीटी, २०१६ मध्ये हॉपफील्ड आणि क्रोतोव यांनी त्याच जाळ्यात खूप जास्त आठवणी मावतील असं नवीन रूप काढलं आणि आताच्या चॅटबॉटच्या आतलं गणित त्याच्याशी जुळतं म्हणे, एवढंच हाती लागलं, बाकी दीड तास स्लाईडा पळत होत्या आणि माईक चरचरत होता. हा रविवार काढून दुसराच दोनदा ठेवा. चहा एकदाच आणि अर्धा कप. बॅनर तर सरळ फसवणूक आहे, सरांना बोललो, म्हणाले बॅनर हॉलवाल्याने केला, म्हटलं फी तर तुम्ही घेतली.

तरी पाचपैकी चार देतो, कापलेला एक बॅनर आणि झेरॉक्सला मिळून. उपयोग काय झाला म्हणाल तर एवढाच, की मी गावाला गेलो की आधी दारातच परीक्षा घ्यायचो, माय सकाळी कोण आलं होतं, काय खाल्लं, आणि ती ओशाळून म्हणायची 'मले नही याद येत रे.' तुकडाच देत नव्हतो, नुसतं पान नंबर मागत होतो. आता विचारत नाही. भाच्याने आणलेली आंब्याची पिशवी तिच्या मांडीवर ठेवतो, वास घेते, कधी म्हणते 'पोरगा आला होता ना', बऱ्याचदा काहीच म्हणत नाही, नवीन बहुतेक नाहीच येत. पण आखाजीला आक्का माहेरी आली होती, झोक्यावर बसून तिने गौराईच्या गाण्याचे पहिले दोन शब्द म्हटले आणि थांबली, मुद्दाम नाही, तिला पुढचं येत नव्हतं. ओट्यावरून मायने उचललं. अख्खं गाणं, एकेक सासुरवास, एकेक गाव, कुठे अडखळली नाही, आणि संपल्यावर आक्कालाच विचारते, 'तू कव्हा आली व?'

पुढची बॅच पावसाळ्यात आहे, आक्काचं नाव घातलंय. जाणार असाल तर पाण्याची बाटली न्या, झेरॉक्स हातात आल्या आल्या उणे चिन्हं पेनाने गिरवून घ्या, आणि १३ नंबरची खुर्ची घेऊ नका, वारं लागत नाही.